आधी चित्र, मग केसपेपर: मानसिक आजार आणि कला यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला जोडून एक डे-केअर केंद्र चालते. तेथे दर शनिवारी सकाळी आम्ही काही जण चित्रकलेचा वर्ग घेतो. वर्षातून एकदा तिथली चित्रे व्हरांड्यातील भिंतीवर लावतो आणि त्या दोन दिवसांत नातेवाईक, कला महाविद्यालयातील विद्यार्थी आणि सहज डोकावणारी मंडळी जवळजवळ तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. लिहिणारी व्यक्ती चित्रकला शिकवणारी आहे, डॉक्टर नाही, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

मानसिक आजारातून निर्माण झालेल्या चित्राला कला म्हणावे का?

चित्र म्हणून ते उभे राहत असेल तर म्हणावे, राहत नसेल तर म्हणू नये. हे उत्तर टाळाटाळीचे वाटण्याची शक्यता आहे, परंतु आजार नसलेल्या माणसाच्या चित्राला आपण हीच कसोटी लावतो आणि ती येथे बदलण्याचे कारण दिसत नाही. रेषेत जोर आहे का, रंग एकमेकांशी काही बोलतात का, पुन्हा पाहावेसे वाटते का, हे कागदाकडे पाहून ठरवायचे असते. केसपेपरवर काय लिहिले आहे ते त्यात मिळवायचेही नाही आणि वजाही करायचे नाही. फ्रेंच चित्रकार ज्याँ द्यूब्यूफे यांनी 1949 मध्ये हीच गोष्ट जरा खोचकपणे मांडली होती. अपचनाच्या रुग्णांची किंवा गुडघेदुखीच्या रुग्णांची जशी वेगळी कला नसते, तशी वेड्यांचीही वेगळी कला नसते, असे त्यांचे म्हणणे होते.

‘आजारातून निर्माण झालेले’ हा शब्दप्रयोगच आम्हाला खटकतो. आजार चित्र काढत नाही. चित्र माणूस काढतो, आणि बहुतेक वेळा आजाराने थोडी उसंत दिलेली असते तेव्हाच काढतो. ज्या शनिवारी एखाद्याची प्रकृती खरोखर बिघडलेली असते, त्या शनिवारी त्याचा कागद बहुधा कोरा राहतो.

हा प्रश्न मुळात आला कुठून?

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील मनोरुग्णालयांत रुग्णांनी काढलेली चित्रे एक तर टाकून दिली जात किंवा रोगाचा पुरावा म्हणून फाइलला जोडली जात. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या वाल्डाऊ येथील रुग्णालयात आडोल्फ व्योल्फ्ली नावाचा एक शेतमजूर 1895 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1930 पर्यंत, होता. त्याने चित्रे, स्वरलिपी आणि कल्पित आत्मचरित्र यांनी सुमारे 25,000 पाने भरली. त्याचे डॉक्टर वाल्टर मॉर्गेनथालर यांनी 1921 मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि त्याचा उल्लेख नावानिशी, कलावंत म्हणून केला. त्या पुस्तकातली एक नोंद आम्हाला वर्ग घेताना नेहमी आठवते. व्योल्फ्लीला दर सोमवारी सकाळी एक नवी पेन्सिल आणि छपाई न केलेल्या वर्तमानपत्री कागदाचे दोन मोठे ताव मिळत, आणि ती पेन्सिल दोन दिवसांत संपून जाई. उरलेला आठवडा तो जपून ठेवलेल्या तुकड्यांवर आणि इतरांकडून मागून आणलेल्या टोकांवर काढी.

त्याच सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हान्स प्रिन्झहॉर्न यांनी निरनिराळ्या मनोरुग्णालयांतून सुमारे 450 रुग्णांच्या 5,000 कलाकृती गोळा केल्या आणि 1922 मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ते कलेचा इतिहास शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ होते. तरीही ग्रंथाच्या नावात त्यांनी ‘कला’ हा शब्द मुद्दाम टाळला आणि ‘चित्रनिर्मिती’ अशा अर्थाचा जर्मन शब्द घेतला. ‘कला’ म्हटले की लगेच बरे-वाईट ठरवणे आले, आणि त्यांना ते आधीच ठरवून टाकायचे नव्हते.

पुढे नाझींनी या संग्रहाचा उपयोग नेमका उलट केला. आधुनिक चित्रकारांना हिणवण्यासाठी त्यांनी 1937 मध्ये म्यूनिक येथे ‘अध:पतित कला’ या नावाचे प्रदर्शन सुरू केले. ते गावोगाव फिरू लागले तेव्हा आधुनिक चित्रांशेजारी रुग्णांची चित्रे ठेवून ‘बघा, दोन्ही सारखीच’ असे दाखवण्यात आले. प्रिन्झहॉर्न यांनी ज्या रुग्णांना मोठे चित्रकार मानले त्यांपैकी फ्रान्झ कार्ल ब्यूलर यांना 1940 मध्ये नाझींच्या ग्राफेनेक येथील हत्याकेंद्रात वायूने ठार मारण्यात आले. ‘याला कला म्हणावे का’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो खरा, पण तो विचारणाऱ्याच्या मनात काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

काढणाऱ्याच्या मनात कलाकृती करण्याचा हेतूच नसेल, तर?

सगळ्या प्रश्नांत हा अवघड आहे आणि याचे उत्तर देताना आमचे आम्हालाही पूर्ण समाधान होत नाही.

एमा हाउक ही दोन मुलांची तरुण आई 1909 मध्ये हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. तेथून तिने नवऱ्याला पेन्सिलीने पत्रे लिहिली. त्यांत मजकूर जवळजवळ नाहीच. ‘लाडक्या, ये’ एवढेच शब्द, आणि काही पानांवर तर फक्त ‘ये, ये, ये’, ओळीवर ओळ, शब्दावर शब्द, इतक्या वेळा की अक्षरे एकमेकांत मिसळून पानावर करड्या रंगाचे उभे पट्टे तयार झाले. लांबून पाहिले तर पावसाची सर वाटते. ही पत्रे टपालात पडलीच नाहीत. ती तिच्या फाइलमध्ये राहिली आणि म्हणूनच आज आपल्याला पाहायला मिळतात. केसपेपर बाजूला ठेवा असे आम्ही वर सांगितले, आणि येथे केसपेपरनेच ती जपली आहेत.

तिने चित्र काढले नव्हते, तिने बोलावणे धाडले होते. त्या पानांना कला म्हटले की ती पत्रे होती हे मागे पडते. कला नाही म्हटले, तर पाहणाऱ्याच्या पोटात जे कालवते त्याचा हिशेब लागत नाही. आमचे मत असे की येथे दोन्ही गोष्टी मान्य कराव्यात. तो कागद पाहणाऱ्याला कलेसारखा भिडतो हे खरे आणि लिहिणारीसाठी ते पत्र होते हेही खरे. भिंतीवर लावायचेच असेल तर ते पत्र म्हणूनच लावावे. कोणासाठी आणि कशासाठी लिहिले होते ते खाली सांगावे.

प्रिन्झहॉर्न यांच्याच संग्रहात आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे एक जाकीट आहे. रुग्णालयाच्या गणवेशाच्या कापडातून तिने 1895 च्या सुमारास ते स्वत: शिवले आणि आत-बाहेर रंगीत धाग्यांनी स्वत:विषयीचा मजकूर भरला. काही अक्षरे तर अंगाला लागतील अशी आतल्या बाजूला आहेत. येथे मात्र हेतूविषयी आम्हाला शंका वाटत नाही. जिच्या अंगावरचे कपडेसुद्धा संस्थेचे होते, तिने त्यातला एक कपडा आपला करून घेतला. टाके मोजून घातलेले आहेत, बाह्या पुन्हा जोडलेल्या आहेत, वापरल्याच्या खुणा आहेत. हेतू सांगायला माणूस उरला नसेल तेव्हा हातकामाकडे पाहावे, तेथे पुष्कळ काही कळते.

आजारामुळे प्रतिभा येते का?

असा समज फार जुना आहे आणि तो गोड असल्यामुळे लवकर जात नाही. व्हॅन गॉग यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. मे 1889 ते मे 1890 हे वर्ष त्यांनी सां-रेमी येथील मनोरुग्णालयात काढले आणि त्या काळात सुमारे 150 चित्रे केली, हे खरे आहे. पण झटका आला की त्यांचे काम थांबत असे. एका झटक्यात त्यांनी रंगच खाल्ले, तेव्हा काही दिवस त्यांना रंगांपासून दूर ठेवावे लागले. ती दीडशे चित्रे झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांतील आहेत.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. कवी काझी नझरुल इस्लाम यांची वाचा आणि लेखन 1942 मध्ये मेंदूच्या आजाराने गेले. ते 1976 पर्यंत हयात होते, पण त्या चौतीस वर्षांत त्यांच्याकडून काहीही लिहून झाले नाही. आजाराने काय दिले याची यादी सगळे करतात. काय नेले याची करायची म्हटली तर कागद कोराच राहतो.

संशोधन काय म्हणते असेही विचारले जाते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सुमारे 3 लाख रुग्णांच्या नोंदी तपासून 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्जनशील व्यवसायांत द्विध्रुवी (बायपोलर) विकार असलेल्या व्यक्तींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे एकंदरीत आढळले नाही. मात्र या दोन्ही आजारांच्या रुग्णांच्या निरोगी सख्ख्या भावंडांत ते जास्त आढळले. म्हणजे घराण्यात काही समान धागा असेलही, पण तो विणता येण्यासाठी आजारी पडावे लागते असे यातून मुळीच निघत नाही.

आपल्या परंपरेत याचा विचार झाला आहे का?

झाला आहे, पण वेगळ्या वाटेने. नाट्यशास्त्रात सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या, भावांत उन्माद, अपस्मार, जडता आणि व्याधी ही नावे सरळ येतात, म्हणजे मनाच्या या अवस्था कलेच्या सामग्रीतून वगळलेल्या नाहीत. मात्र भाव म्हणजे रस, म्हणजे कलेतून मिळणारा आस्वाद, नव्हे. ‘शोक: श्लोकत्वमागत:’ (शोकाचा श्लोक झाला) या वाल्मीकींविषयीच्या वचनात शोक आधी आहे आणि श्लोक नंतर, मधे काहीतरी घडावे लागते आणि त्या मधल्या घडण्यालाच आपण कला म्हणतो. प्रिन्झहॉर्न यांच्या जाडजूड ग्रंथापेक्षा हे तीन शब्द वर्गात समजावून सांगायला सोपे जातात, हे येथे कबूल करून टाकतो.

बोलभाषेत मात्र आपण फार गोंधळ केला आहे. विठ्ठलाचे पिसे लागणे, गाण्याचे वेड असणे, पोराने वेड लावणे, हे सगळे कौतुकाचे. आणि तोच ‘वेडा’ शब्द शेजारच्या घरातील आजारी मुलाला लावला की शिवी. मुंबईत ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा अजून चालते. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून उभे आहे आणि थट्टाही बहुधा तेवढीच जुनी असावी. वारकऱ्याचे पिसे आणि रुग्णाचा आजार यांची गल्लत केली की दोघांवरही अन्याय होतो.

चित्र पाहून आजार ओळखता येतो का?

नाही. इंग्लंडमधील लुई वेन हे मांजरांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होते आणि 1924 पासून ते मनोरुग्णालयात होते. त्यांची काही मांजरे साधी, काही नक्षीत विरघळून गेलेली. नंतर एका मानसोपचारतज्ज्ञाने ती साध्याकडून नक्षीकडे अशा क्रमाने मांडली, आणि स्किझोफ्रेनियात मन कसे विस्कटत जाते याचा नमुना म्हणून ती पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली. त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. क्रम मांडणाऱ्याने लावलेला होता, आणि शेवटच्या वर्षांतही वेन साधी मांजरे काढत होते.

आमच्या वर्गातील एक काका हार्बर लाइनची स्थानके ओळीने काढतात. सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, मग एकदम शिवडी. प्रत्येक फलाटाचे छत, पादचारी पूल, पाणपोई सगळे बॉलपेनने, औषधाच्या खोक्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर. रे रोड आणि शिवडी यांच्या मधले कॉटन ग्रीन कधीच नसते. पाहायला आलेल्या एका विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने ‘दडपलेली आठवण’ असा अर्थ लावला. काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “तिथं मी उतरतो. मग पुढचं बघणार कोण?” आणि लगेच शिवडीच्या फलाटावरील घड्याळाचे काटे पुरे करू लागले. उतरल्यावर शिवडी कशी दिसते, हे विचारायचे मात्र आम्हाला त्या वेळी सुचले नाही.

औषधे सुरू झाल्यापासून आमचा मुलगा चित्र काढत नाही. औषधे थांबवावीत का?

स्वत:च्या मनाने कधीही थांबवू नयेत. काही औषधांनी हात थरथरतो, काहींनी सुस्ती येते, आणि रेषेवर त्याचा परिणाम दिसतो, हे आम्ही नेहमी पाहतो. पण ही तक्रार डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे, आणि ‘चित्र काढता येत नाही’ याच शब्दांत सांगावी. मात्रा किंवा औषध बदलणे हे त्यांचे काम. वर्गात आम्ही तोवर बारीक पेन बाजूला ठेवून जाड तेलखडू आणि चित्रकलेचा मोठा कार्ट्रिज कागद देतो, कारण थरथरणाऱ्या हाताला मोठा कागद सोसतो. रात्री-अपरात्री अडचण आली तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

चित्राखाली आजाराचे नाव लिहावे का?

एका प्रदर्शनासाठी आम्ही चित्रे दिली होती. आयोजकांनी चित्रकारांची नावे गुप्त ठेवण्याच्या चांगल्या हेतूने प्रत्येक चौकटीखाली नावाऐवजी निदान लिहिले: ‘स्किझोफ्रेनिया, पुरुष, 34’. उद्घाटनाला आलेली एक आई आपल्या मुलाचे चित्र शोधत होती. तिला चित्र ओळखू आले, मग तिने खालची पट्टी वाचली आणि पिशवीतला रुमाल काढून ती पट्टी झाकून धरली. आम्ही त्याच दुपारी सगळ्या पट्ट्या बदलल्या. चूक आमचीही होती, आम्ही आधी विचारले नव्हते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 नुसार, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कायदा राहू द्या, पण नाव आणि आजार यांपैकी काय लिहावे हे ठरवण्याचा अधिकार काढणाऱ्याचा आहे. जपानी चित्रकर्ती यायोई कुसामा 1977 पासून टोकियोतील मनोरुग्णालयात स्वेच्छेने राहिल्या आणि तेथून जवळच्या स्टुडिओत कामाला जात राहिल्या. हे त्यांनी स्वत: जगाला सांगितले. एडवर्ड मुंक यांच्या ‘किंकाळी’ या 1893 च्या चित्रावर ‘हे केवळ वेड्यालाच काढता आले असते’ अशा अर्थाची पेन्सिलीतील ओळ आहे. ती कोणा प्रेक्षकाने खोडसाळपणे लिहिली असावी असा समज होता, परंतु ती मुंक यांच्याच हातची असल्याचा निष्कर्ष नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने 2021 मध्ये जाहीर केला. स्वत:च्या चित्रावर स्वत: लिहिणे निराळे आणि पट्टी दुसऱ्याने चिकटवणे निराळे.

चित्र विकले गेले तर पैसे कोणाचे?

काढणाऱ्याचे. स्वामित्व हक्क कायदा 1957 येथे अनपेक्षितपणे उदार आहे. रंगचित्र किंवा रेखाटन ‘कलात्मक कृती’ ठरण्यासाठी त्यात कलात्मक गुणवत्ता असावीच असे त्या व्याख्येत नाही. वरच्या पहिल्या प्रश्नावर विद्वान शंभर वर्षे वाद घालत आहेत आणि कायद्याने तो एका वाक्यात बाजूला ठेवला आहे. कागद आणि रंग संस्थेने दिले एवढ्याने स्वामित्व हक्क संस्थेकडे जात नाही. मोबदला देऊन कोणी चित्र करवून घेतले असेल तर गोष्ट वेगळी. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षे टिकतो.

‘पण त्यांची सही चालते का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. केवळ निदान झाले म्हणून माणूस कायद्याने अस्वस्थ चित्ताचा ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. आणि भारतीय करार अधिनियम 1872 मध्ये असे स्पष्ट आहे की जो एरवी अस्वस्थ चित्ताचा असतो पण मधूनमधून स्वस्थ असतो, तो स्वस्थ असताना करार करू शकतो. आम्ही व्यवहार घाईने करत नाही. दोन वेगवेगळ्या शनिवारी विचारतो आणि दोन्ही वेळा होकार आला तरच पुढे जातो.

वारली चित्रे किंवा चंडीगढचे रॉक गार्डन याच प्रकारात मोडतात का?

मोडत नाहीत. द्यूब्यूफे यांच्यापासून सुरू झालेल्या ‘आउटसायडर आर्ट’ या इंग्रजी वर्गवारीत औपचारिक शिक्षण न घेतलेल्या अनेकांना गोळा केले जाते, त्यामुळे ही गल्लत होते. नेकचंद रस्ते बांधणी खात्यात नोकरीला होते आणि त्यांनी ती बाग टाकाऊ वस्तूंतून उभी केली. वारली चित्रकलेला तर समाज, विधी आणि वारसा आहे, तिला ‘बाहेरची’ म्हणणाराच बाहेरचा.

कलोपचार आणि कला एकच का?

नाही. कलोपचारात प्रशिक्षित उपचारक असतो, रुग्णाचे बरे वाटणे हे उद्दिष्ट असते आणि चित्र वाईट झाले तरी सत्र चांगले होऊ शकते. आमचा वर्ग हा चित्रकलेचा वर्ग आहे. तेथे चित्र वाईट झाले तर तसे सांगितले जाते, आणि आमच्या अनुभवाने लोकांना ते आवडते, कारण बाकी आठवडाभर त्यांच्याशी कोणी तसे बोलत नाही.

घर दहा बाय बाराचे आहे. एवढी चित्रे ठेवायची कुठे?

सगळी ठेवू नयेत, पण काय टाकायचे ते ज्याचे चित्र त्यानेच ठरवावे. तो झोपलेला असताना रद्दीवाल्याला देऊ नयेत. लॅमिनेशन करू नये, कारण ते काढता येत नाही आणि तेलखडू आत वितळून पसरतो. मुंबईच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कागदाला बुरशी हमखास धरते. त्यामुळे चित्रे गुंडाळी न करता दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट, मधे बटरपेपर घालून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवावीत आणि गणपतीच्या आधी एकदा पंख्याखाली मोकळी करावीत. मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो काढून ठेवावा. आणि प्रत्येक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, हलक्या पेन्सिलीने तारीख जरूर लिहावी, म्हणजे उद्या कोणी आपल्या सोयीचा क्रम लावू पाहील तर त्याला आधी कागद उलटून बघावा लागेल.